मंजूर खाटा, भरलेल्या खाटा आणि साडेचारची शेवटची एसटी

गिरणाकाठ

नमस्कार. गेल्या पावसाळ्यात माझ्या काकांना घेऊन मी आपल्या खानदेशातील एका सरकारी रुग्णालयात अकरा दिवस राहिलो. काका बरे होऊन घरी आले आणि तिथल्या सिस्टर, मामा, मावशी यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरीही त्या दिवसांत पाहिलेली एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

काकांच्या शेजारच्या खाटेवर साक्री तालुक्यातील एका आडबाजूच्या गावचे वयस्कर शेतकरी होते. सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टरांनी त्यांना “आज सुट्टी” असे सांगितले. त्यांनी लगेच गाठोडे बांधले, चपला पायात घातल्या आणि ते खाटेच्या कडेवर बसून राहिले. एक रक्ताचा रिपोर्ट यायचा होता, सुट्टीचे कार्ड लिहिणारे डॉक्टर ओपीडीत अडकले होते, त्यानंतर औषधांच्या खिडकीवर रांग होती. कार्ड हातात पडले तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि त्यांच्या गावाकडची शेवटची एसटी साडेचारला सुटलेली होती. “गाडी निंघी गई भो, आते सकायलेच जासूत,” एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी गाठोड्याची गाठ पुन्हा सोडली. त्याच रात्री तापाने फणफणलेला एक मुलगा भरती झाला. त्याला आमच्या दोन खाटांमधल्या फरशीवर गादी टाकून झोपवले आणि सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला बांधली.

वॉर्डातील रुग्णांची रात्री बाराला गणना होते; त्यात ते शेतकरी ‘भरती रुग्ण’ म्हणून मोजले गेले असणार. म्हणजे कागदावर खाट भरलेली होती, वॉर्ड पूर्ण होता आणि मुलगा अतिरिक्त होता. प्रत्यक्षात सकाळी दहा ते दुसऱ्या दिवशी आठ, असे बावीस तास त्या खाटेवर कोणताही उपचार झाला नाही.

आता हिशेब पाहा. उदाहरणासाठी १०० खाटांचे रुग्णालय घेऊ. रोज सरासरी २२ रुग्ण भरती होतात आणि प्रत्येक जण सरासरी साडेचार दिवस राहतो असे धरले, तर कोणत्याही क्षणी २२ गुणिले ४.५, म्हणजे ९९ खाटा लागतात. त्याच रुग्णांचा मुक्काम केवळ अर्ध्या दिवसाने कमी झाला, तर लागणाऱ्या खाटा ८८ होतात. वीटही न रचता ११ खाटा मोकळ्या झाल्या. माझे म्हणणे इतकेच आहे की आपण रुग्णालयाच्या क्षमतेची चर्चा ‘मंजूर खाटा किती’ या एकाच आकड्यावर करतो, आणि ती खाट दिवसाच्या चोवीस तासांत काय करते हे कोणीच विचारत नाही. या क्षेत्रात काम केलेल्यांनी यावर लिहावे, अशी विनंती आहे.

काळी_माती

गिरणाकाठ भाऊ, आपले निरीक्षण बरोबर आहे, पण हा युक्तिवाद चुकीच्या हातात पडला तर घातक ठरेल, असे मला मनापासून वाटते. उद्या एखाद्या फाइलवर “उपलब्ध खाटांचा कार्यक्षम वापर करावा” असा शेरा येईल आणि नवीन खाटांचा प्रस्ताव तिथेच थांबेल.

मुळात खाटा कमी आहेत हे आधी मान्य करायला हवे. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२.३ लाख, धुळ्याची २०.५ लाख आणि नंदुरबारची १६.५ लाख, म्हणजे तिन्ही मिळून ७९ लाखांहून अधिक होती, आणि त्यालाही आता बरीच वर्षे झाली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दर हजार लोकसंख्येमागे दोन खाटांचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या मापाने २०११ च्या लोकसंख्येसाठीच जवळपास १६ हजार खाटा हव्यात. शिवाय धुळे हे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर या दोन महामार्गांचे नाके आहे, त्यामुळे अपघातातील जखमी कुठल्याही जिल्ह्याचे असोत, आधी तिथेच येतात. मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडचे रुग्णही सीमा ओलांडून इकडे उपचाराला येतात; ते आपल्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत कधीच मोजले जात नाहीत. त्या मुलाला फरशीवर झोपावे लागले, ते शेजारच्या आजोबांची एसटी चुकली म्हणून नव्हे, तर त्याच्यासाठी खाटच नव्हती म्हणून.

निवासी_माजी

मी काही वर्षे एका शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो आणि सुट्टीची कार्डे लिहिणारा तो माणूस मीच असायचो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सुट्टीचा निर्णय राउंडला होतो, पण राउंड संपताच निवासी डॉक्टर ओपीडीत किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये जातो. कार्ड लिहायला तो परततो तेव्हा दुपार उलटलेली असते. यात आळस कोणाचाच नसतो. कामाची मांडणीच अशी आहे की बऱ्या झालेल्या रुग्णाचे काम सर्वांत शेवटी येते, कारण त्याला कोणताही धोका नसतो. जिथे सुट्टी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवतात, रिपोर्ट रात्री मागवून घेतात आणि औषधे सकाळीच खाटेजवळ आणून देतात, तिथे अकरापर्यंत खाट मोकळी होऊ शकते. यासाठी नवीन पद लागत नाही. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर आणि युनिटप्रमुख यांनी एकत्र बसून ठरवावे लागते.

परंतु काळी_माती यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि त्यासाठी खाटा भरण्याचे प्रमाण नीट समजून घेतले पाहिजे. शंभरपैकी शंभर खाटा भरलेल्या असणे हे चांगल्या वापराचे लक्षण आहे, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. रुग्ण रांगेने, ठरावीक संख्येने येत नाहीत. एखाद्या दिवशी १५ येतात, एखाद्या दिवशी ३०. नियोजनात सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास भरणा ही वरची मर्यादा धरण्याचा प्रघात आहे, कारण त्यापलीकडे गेल्यावर तातडीच्या रुग्णाला खाट न मिळण्याचे दिवस झपाट्याने वाढतात. गिरणाकाठ यांच्या उदाहरणात ८८ खाटा लागतात, म्हणजे अर्धा दिवस वाचवल्यानंतरही ते रुग्णालय काठावरच आहे. तेव्हा वाचवलेले तास हे नवीन खाटांना पर्याय ठरत नाहीत.

आणखी एक मुद्दा वॉर्डांच्या तुकड्यांचा आहे, आणि त्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही. एखाद्या विभागाला सरासरी ६ खाटा लागत असतील, तर चढउतार सांभाळण्यासाठी त्याला साधारण ११ ठेवाव्या लागतात. असे दहा विभाग वेगवेगळे ठेवले तर ११० खाटा झाल्या. तेच रुग्ण एकत्र धरले तर सरासरी ६० लागतात आणि ७६ मध्ये भागते, कारण एका विभागात गर्दी असते तेव्हा दुसऱ्यात कमी असते आणि दोन्ही एकमेकांना भरून काढतात. स्त्री-पुरुष वॉर्ड, प्रसूती, संसर्गजन्य आजार, भाजलेले रुग्ण हे वेगळे ठेवावेच लागतात. पण मेडिसिनच्या एका युनिटच्या खाटा रिकाम्या असताना दुसऱ्या युनिटचा रुग्ण फरशीवर असणे मी स्वतः पाहिले आहे, आणि ते टाळता येण्यासारखे होते.

ऋतूंचे म्हणाल, तर ते आपल्याकडे पंचांगासारखे ठरलेले आहेत. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उष्माघाताचे रुग्ण येतात. पेरणीला सुरुवात झाली की सर्पदंश, पावसात जुलाब-उलट्या आणि काविळी, भाद्रपद-आश्विनात डेंग्यू-मलेरिया, कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधा. हे दरवर्षी घडते आणि तरीही खाटांची वाटणी बारा महिने एकच राहते.

रात्रपाळी

डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले पटले. मी बत्तीस वर्षे सरकारी नोकरीत परिचारिका होते, त्यातली निम्मी रात्रपाळीतच गेली, म्हणून ज्याची गणना कुठल्याच तक्त्यात होत नाही ते सांगते.

खाट म्हणजे लोखंडी पलंग, गादी आणि चादर नव्हे. त्या खाटेजवळ रात्री तीन वाजता कोण उभे राहील, हे ठरले असेल तरच ती खाट मोजावी. अतिदक्षता कक्षात एक परिचारिका चोवीस तास हजर हवी, तर आठवड्याच्या २१ पाळ्या होतात. एक परिचारिका आठवड्याला ६ पाळ्या करते, म्हणजे साडेतीन जणी झाल्या; त्यात रजा, आजारपण, प्रसूती रजा, प्रशिक्षण धरले की साडेचारच्या खाली भागत नाही. प्रस्तावात मात्र ‘दहा खाटांचा कक्ष’ एवढेच लिहिलेले असते. मग उद्घाटन होते, फोटो निघतात, आणि त्या कक्षातील व्हेंटिलेटरवर प्लास्टिकचे आवरण तसेच राहते, कारण पाळी लावायला माणसे नाहीत. आम्ही मेडिकल वॉर्डमधून दोघींना काढून तिकडे पाठवायचो आणि वॉर्डात चाळीस-पन्नास रुग्णांमागे एकटी सिस्टर उरायची.

दुसरी गोष्ट आजारी नवजात बाळांच्या कक्षाची, ज्याला सगळे एसएनसीयू म्हणतात. वर्षाला ३००० प्रसूती होणाऱ्या रुग्णालयासाठी किमान १२ खाटांचा कक्ष असा निकष आहे. मोठ्या रुग्णालयात तालुक्यांतून पाठवलेली बाळेही येतात, त्यामुळे तो कक्ष कायम भरलेला असतो. पण बाळाची आई? तिची प्रसूती चार दिवसांपूर्वी झाली, तिला प्रसूती वॉर्डमधून सुट्टी मिळाली आणि बाळ अजून पंधरा दिवस काचेत राहणार आहे. ती ओली बाळंतीण व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून, दर दोन तासांनी दूध पाजायला उठते. तिच्यासाठी खाट कोणत्याच हिशेबात नाही, कारण ती ‘रुग्ण’ नाही. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवणे सुरू केले, तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे आईची खाट बाळाच्या शेजारी असणे हाच उपचार आहे. नवीन इमारतीचे नकाशे करणाऱ्यांनी एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी माझे लिहिणे सार्थकी लागेल.

सातपुडा_पायथा

मी नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. आपण सर्व जण रुग्णालयाच्या आत काय घडते ते लिहीत आहात, पण आमच्याकडची अडचण दाराबाहेरची आहे.

काळी_माती दादांनी राष्ट्रीय धोरणातील हजारामागे दोन खाटांचा उल्लेख केला. त्याच वाक्याचा पुढचा भाग असा आहे की या खाटा अशा रीतीने विभागलेल्या असाव्यात की तातडीच्या पहिल्या तासात रुग्णाला तिथे पोहोचता यावे. हा दुसरा भाग कोणीच सांगत नाही. आमच्या पाड्यावरून आधी झोळीत घालून रस्त्यापर्यंत यायचे, मग १०८ ची वाट पाहायची, मग ग्रामीण रुग्णालय आणि तिथून ‘पुढे न्या’ म्हटले की घाट उतरून नंदुरबार. नर्मदाकाठच्या गावांना तर बोटीचा दवाखाना आणि बोट रुग्णवाहिका यांचाच आधार आहे. नंदुरबारात आणखी २०० खाटा झाल्या तरी या प्रवासातील एकही मिनिट कमी होत नाही. आदिवासी व डोंगरी भागासाठी ८० हजार लोकसंख्येमागे ३० खाटांचे एक रुग्णालय असा निकष आहे, आणि जिल्ह्याची ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असल्यामुळे आम्ही त्याच निकषात बसतो. त्या ३० खाटांजवळ भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ असतील, रक्त साठवण्याची सोय असेल, तर निम्म्या बाया पुढे पाठवाव्या लागणार नाहीत.

गिरणाकाठ भाऊ, आपल्या अर्ध्या दिवसाच्या हिशेबाविषयी मात्र एक सावधगिरीची सूचना करतो. शहरातल्या रुग्णाला एक दिवस आधी घरी पाठवले आणि ताप उलटला, तर तो रिक्षाने परत येतो. आमचा माणूस परत येत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वेदनांनी भरती झालेल्या माझ्याच एका विद्यार्थिनीला थोडे बरे वाटताच घरी पाठवले गेले. तिसऱ्या दिवशी त्रास पुन्हा वाढला, तेव्हा वडिलांकडे भाड्याचे पैसे नव्हते आणि नाल्याला पाणी होते. दोन दिवसांनी ती पुन्हा भरती झाली, तेव्हा अवस्था फार वाईट होती. ती वाचली. पण सरासरी मुक्काम कमी झाल्याचा आनंद मानताना किती जण परत आले आणि किती जणांना परत येताच आले नाही, हेही पाहिले गेले पाहिजे.

या प्रश्नावर आमच्याकडेच एक जुने, साधे उत्तर आहे आणि ते म्हणजे माहेरघर. आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात एक-दोन खोल्या असतात. दिवस भरत आलेली बाई काही दिवस आधी सोबतीच्या बाईसह तिथे येऊन राहते. तिला तेव्हा रुग्णालयाच्या खाटेची गरज नसते, फक्त जवळ असण्याची गरज असते. हीच सोय मोठ्या रुग्णालयाच्या आवारात, बरे झालेल्या पण दूरच्या रुग्णांसाठी का करू नये? साक्रीच्या त्या आजोबांना रात्रभर टेकायला जागा, एक चादर आणि सकाळची गाडी हवी होती. ती जागा वॉर्डाबाहेर मिळाली असती, तर खाट त्या मुलाला मिळाली असती आणि आजोबांनाही कोणी घाईने घालवले नसते.

फायलीमागचा

मी जिल्हा पातळीवरील एका कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालो आहे. खाट कागदावर कशी जन्माला येते ते थोडक्यात सांगतो.

तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचे पन्नास किंवा शंभर खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन मंजूर होते. त्यानंतर जागा, अंदाजपत्रक, बांधकाम. पदनिर्मितीचा प्रस्ताव वेगळा असतो. तो आकृतिबंधानुसार, म्हणजे कुठे किती पदे असावीत या ठरलेल्या तक्त्यानुसार, तपासला जातो आणि त्याला वेगळी मंजुरी लागते. पदे निर्माण झाली तरी ती भरण्याची प्रक्रिया तिसरीच. हे तीन रस्ते एकमेकांची वाट पाहत नाहीत, म्हणून इमारत उभी राहते आणि माणसे नसतात. रात्रपाळी ताईंनी वर्णन केलेले प्लास्टिकचे आवरण तिथून येते. जिल्हा नियोजन समितीचा निधी इमारत आणि यंत्रसामग्री यांवर लवकर खर्च होतो, कारण तो मार्चअखेर संपवायचा असतो. कायमच्या पगाराची सोय त्यातून होत नाही.

मात्र आपल्याकडे उलटे उदाहरणही आहे. नंदुरबारला तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी कोविडची पहिली लाट ओसरत असताना, २०२० मध्येच, हवेतून प्राणवायू तयार करणारे प्रकल्प उभारायला घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी धावत होती, तेव्हा या जिल्ह्याकडे खाटेपर्यंत पोहोचणारा स्वतःचा प्राणवायू होता. खाटांची संख्या आधी न मोजता, खाटेला काय लागणार आहे ते आधी मोजले गेले, एवढाच तो फरक होता.

काळी_माती यांची भीती खोटी नाही. तसे शेरे मी फायलींवर वाचले आहेत. पण अनुभव असाही आहे की ‘खाटा कमी पडतात’ एवढ्याच प्रस्तावाला वरून तीन प्रश्न येतात, आणि ज्या प्रस्तावासोबत बारा महिन्यांच्या नोंदी असतात त्याला सहजी परत पाठवता येत नाही. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत अशा नोंदी मागता येतात.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सातपुडा_पायथा गुरुजी, आपला मुद्दा वाचून मला माझे पहिले मत दुरुस्त करावेसे वाटते. मी ‘मुक्काम कमी करा’ असे सुचवत होतो. आता असे म्हणेन की सुट्टीचा निर्णय होईपर्यंतचा मुक्काम डॉक्टरांना योग्य वाटेल तेवढा असू द्यावा. निर्णय झाल्यानंतरचे तास तेवढे मोजावेत आणि तेवढेच कमी करावेत. काळी_माती दादा, नवीन खाटांची मागणी मागे घेण्याचा प्रश्नच नाही. उलट हे तास कमी करूनही वॉर्ड ८५ टक्क्यांच्या वर राहतो असे नोंदीतून दिसले, तर मागणी नाकारायला कारणच उरणार नाही.

रात्रपाळी ताई, एक विचारायचे आहे. सिस्टरांवर आधीच लिखापढीचे ओझे आहे. त्यांचे काम न वाढवता या नोंदी कुठे आणि कशा होऊ शकतील?

काळी_माती

या मांडणीला माझा पाठिंबा आहे. फक्त फरशीवरच्या गाद्यांची नोंद वेगळ्या रकान्यात व्हावी, एवढी भर घाला. “अतिरिक्त” या एका शब्दाखाली ती मुले लपतात.

रात्रपाळी

नवीन रजिस्टर नको. प्रत्येक वॉर्डात भरती-सुट्टीचे रजिस्टर असते आणि त्यात सुट्टीची तारीख असते. त्याच ओळीत दोन वेळा लिहायच्या: राउंडला सुट्टी सांगितली ती वेळ आणि खाट रिकामी होऊन चादर बदलली ती वेळ. चादर बदलणारी मावशी वेळ सांगते, सिस्टर लिहिते. पाच सेकंदांचे काम आहे. फरशीवरच्या गाद्या रात्री बाराच्या गणनेतच लाल शाईने लिहाव्यात. आमच्या एका जुन्या इन्चार्ज सिस्टर तसे लिहीत असत, आणि महिन्याच्या शेवटी पानावर लाल किती आहे ते लांबूनच दिसायचे.

आणि भाऊ, त्या साडेचारच्या गाडीचे पण पाहा. आगार व्यवस्थापकांना रुग्णालयाच्या लेटरहेडवर विनंती गेली, तर गाडी साडेपाचला सोडता येते का, एवढे तरी कळेल. आमच्याकडे एकदा अशा पत्रावर एका मुक्कामी गाडीची वेळ बदलली होती, आणि ती गाडी रुग्णालयाच्या फाटकासमोरही थांबू लागली होती.